दोष कुणाचा, धुणं कुणाचं

सहा वर्षांचा मुलगा. पहिलीत आहे, पाढे म्हणतो, गल्लीत बॅट फिरवतो, आणि दिवसातून दोनदा-तीनदा त्याच्या चड्डीला शी लागलेली असते. अशा घरात डॉक्टरांच्या आधी निवाडा होतो आणि तो बहुतेक वेळा आईच्या विरुद्ध जातो. तिनं वेळेवर सवय लावली नाही, ती फार लाड करते, ती फार मारते. कारणं एकमेकांच्या उलटी असली तरी आरोपी तीच. पुढे कुणी भला माणूस भेटला तर तो म्हणतो, तिला धीर द्या. धीर म्हणजे नेमकं काय, तो कुणी द्यायचा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी द्यायचा, हे मात्र तोही सांगत नाही. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

त्यासाठी दोन बायका बोलत्या केल्या आहेत. दोघी कल्पनेतल्या, पण त्यांच्या तोंडी घातलेलं बोलणं घरोघरी चालतं.

घर हैदराबादच्या बेगम बाजारातलं. खाली स्टीलच्या भांड्यांचं ठोक दुकान, वर खोल्या आणि गच्ची. निजाम अली खान, म्हणजे दुसरे आसफजाह, यांच्या बेगमेनं ही जमीन व्यापाऱ्यांना दिली, असं या नावाबद्दल सांगतात. आजही इथली कितीतरी कुटुंबं दुकानाच्या डोक्यावर राहतात आणि एका घरातलं बोलणं समोरच्या खिडकीत पोचतं. या गोष्टीतलं कुटुंब मूळचं नांदेडकडचं. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आजोबांच्या वडिलांना इथं येताना परमुलखात आल्यासारखं वाटलं नव्हतं. वहिनी म्हणजे मुलाची आजी. वन्सं म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या, आता निवृत्त होऊन काचीगुड्याला राहतात. सूनबाई खाली दुकानात बिलं करते आहे. तिच्याबद्दलचं बोलणं तिच्या पाठीमागेच चाललं आहे. बहुतेक घरांत तसंच चालतं.

वहिनी : वन्सं, आलाच आहात तर त्याला जरा समजावून सांगा. काल जेवायला बसलो आणि वास आला. विचारलं, शी केलीस का? तर सरळ तोंडावर नाही म्हणाला. चड्डी काढली तर भरलेली! परवा कपाटामागं दोन चड्ड्या सापडल्या, वाळून कडक झालेल्या.

वन्सं : म्हणजे लपवायला लागला.

वहिनी : लपवतो तर! आता तुम्हीच सांगा, ज्याला कळत नाही ते लेकरू लपवील का? त्याला सगळं कळतं. खेळ सोडून उठायचा कंटाळा, दुसरं काही नाही. आणि आईचं लक्ष नाही.

वन्सं : त्याला झाल्यावर कळतं, वहिनी. व्हायच्या आधी कळत नाही. आपल्याला कळ येते ना, आता उठावं लागेल अशी, ती त्याला येत नसेल. आणि वासाचं म्हणाल तर सतत तोच वास नाकाशी असला की माणसाला तो येईनासा होतो. तो नाही म्हणाला तेव्हा खोटंच बोलत असेल असं नाही. बरं, मला एक सांगा, संडासला नीट कधी जातो?

वहिनी : तीन दिवसांनी, कधी चार. आणि गेला की एवढं मोठं होतं, की बादलीभर पाणी ओतलं तरी जात नाही. मोठ्या माणसाचं वाटावं. आणि मधल्या दिवसांत हे पातळ गळणं. म्हणून जुलाबावर देतात तसं जायफळ उगाळून दिलं, डाळिंबाची साल दिली. तेवढ्यापुरतं थांबतं, मग पुन्हा तेच.

वन्सं : जुलाब नाहीत हे. मोरीच्या तोंडाशी बोळा बसला की पाणी कडेकडेनं पाझरतं, तसं आहे. आत खडा साचलाय. मागून येणारी पातळ शी त्याच्या बाजूनं खाली उतरते आणि चड्डीत येते. त्यावर जायफळ दिलं तर आतला खडा आणखी घट्ट होणार.

वहिनी : रोज थोडं थोडं बाहेर येतंय आणि तुम्ही म्हणता साचलंय?

वन्सं : म्हणूनच घरोघरी फसगत होते. मी सांगते तसं आठवून बघा. तो कधी कोपऱ्यात, पडद्यामागं जाऊन उभा राहतो का? पाय एकमेकांवर घट्ट दाबून, टाचा उचलून, तोंड लाल?

वहिनी : रोज राहतो. आम्ही म्हणतो, अरे कुंथतोस कशाला तिथं, संडासात जा.

वन्सं : कुंथत नाही तो. आवरून धरतो.

वहिनींना हे पटायला वेळ लागतो, आणि तो लागणं साहजिक आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: लाल चेहरा, ताठ अंग, थांबलेला श्वास. पण एक ढकलणं आहे आणि दुसरं रोखणं, आणि या आजाराची गोष्ट रोखण्यापासूनच सुरू होते. कधीतरी एकदा कडक शी होते, भेग पडते, दुखतं. मूल ठरवतं की पुन्हा हे नको. मग ते आवरतं. आवरलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेत राहतं, तो आणखी कडक, आणखी मोठा होतो, आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. आठवडे, महिने असं चाललं की गुदाशय ताणून सैल होतो आणि भरल्याची जाणीव मेंदूकडे पोचवायचं त्याचं काम मंदावतं. मूल चार वर्षांचं झाल्यावरही महिन्यातून एकदा तरी असं होत असेल आणि ते तीन महिने टिकलं असेल, तर डॉक्टर त्याला वेगळं नाव देऊन उपचार सुरू करतात. अशा मुलांत बहुसंख्यांच्या मुळाशी बद्धकोष्ठच सापडतं. मुलींपेक्षा मुलांत हे जास्त दिसतं. यात आळस कुठेच येत नाही, आणि आईचं लक्ष नसणंही नाही.

वहिनी : सुरुवात कधी झाली ते मला पक्कं आठवतं. साडेतीन वर्षांचा होता. यांच्या गुडघ्यांसाठी जुना संडास काढून कमोड बसवला. त्या उन्हाळ्यात एकदा याला रक्त आलं होतं. फार रडला होता, घर डोक्यावर घेतलं होतं. मग मी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला. एकदा साबणाची चीपही लावली. लगेच झाली. आमच्याकडं सगळ्या लेकरांना असंच करत आलो. महिन्याकाठी एरंडेल आणि अडलं की देठ.

वन्सं : तान्ह्या मुलांना करत होतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला चौघांनी धरून तिथं काहीतरी घातलं की तो काय शिकतो? ती जागा म्हणजे दुखायची जागा, तिथं कुणाला फिरकू द्यायचं नाही. मग तो आणखी घट्ट धरतो.

वहिनी : म्हणजे माझ्यामुळं झालं म्हणा!

वन्सं : मी असं म्हणत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, शी कडक झाली, कमोडवर पाय लोंबकळत राहिले, देठानं भीती बसली. चार गोष्टी एकावर एक आल्या. घरात कुणाचंही मन वाईट नव्हतं. पण तुमच्या मनात दोष आहे तो सुनेचा, आणि या चारांत तिची एकही गोष्ट नाही, एवढं तरी बघा.

वन्संनी आणखी काही गोष्टी विचारल्या, आणि त्यांची उत्तरं फक्त वहिनींकडेच होती. जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली? पहिल्याच दिवशी, बाळंतिणीच्या खाटेजवळ दुपटं मीच बदललं. पोट कधी ढोलासारखं फुगतं का, हिरव्या उलट्या होतात का, वजन वाढतंय का, चालताना पाय लटपटतात का, पाठीच्या खालच्या टोकाला खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का? हे प्रश्न फार मोलाचे आहेत. पहिली शी 48 तासांत झाली नसेल तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसण्याचा जन्मजात दोष असू शकतो. डेन्मार्कच्या हिर्शस्प्रुंग या डॉक्टरनं 1886 साली त्याचं वर्णन केलं आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया लागते. पाय आणि पाठ यांचे प्रश्न मज्जारज्जूसाठी. यातलं काहीही असेल तर घरी वेळ घालवू नये. नसेल, तर बहुतेक वेळा तपासण्यांची लांब यादी लागत नाही. पोट हातानं तपासणारा आणि घरच्यांचं शांतपणे ऐकणारा बालरोगतज्ज्ञ पुरतो.

वहिनी : मग अंजीर देऊ का? दोन दुकानं सोडून सुक्या मेव्याचं ठोक दुकान आहे, अंजीर, मनुका, खजूर, काय हवं ते. रात्री भिजवायचं, सकाळी द्यायचं.

वन्सं : द्या. पण त्यानं खडा निघणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 11 ग्रॅमच्या आसपास तंतू लागतात. वय अधिक पाच असा हिशेब आम्हाला शिकवला होता. 100 ग्रॅम सुक्या अंजिरात 10 ग्रॅमच्या आसपास असतात, मग दोन अंजिरांत किती येणार? त्यापेक्षा आपली ज्वारीची भाकरी जास्त देते. तुम्ही त्याला सकाळी काय देता?

वहिनी : दूध. दोन उस्मानिया बिस्किटं. मग शाळेतून आल्यावर दूध, रात्री झोपताना दूध. दुधाशिवाय राहतच नाही.

वन्सं : म्हणजे पोट दुधानं भरलं, वर मैदा. दूध बंद नका करू, पण दिवसात दोन पेल्यांवर जाऊ देऊ नका. मग बघा, भाकरी मागतो की नाही. मात्र हे सगळं पुढे पुन्हा खडा होऊ नये म्हणून. आधी आतला काढायचा, आणि त्याला औषधच लागतं. साचलेलं असताना नुसता कोंडा आणि फळं वाढवली तर पोट जास्त फुगतं.

वहिनी : औषध दिलं होतं की! डॉक्टरांनी पावडर दिली होती, पाण्यात कालवायची. पंधरा दिवस घेतली, बरा झाला, बंद केली. महिन्यानं पुन्हा सुरू. म्हणून मीच म्हटलं, पुरे. रोजची सवय लागली तर जन्मभर पावडरीशिवाय होणार नाही.

वन्सं : पॉलिएथिलीन ग्लायकॉल असेल. वहिनी, ती पावडर रक्तात जवळजवळ जातच नाही. पाणी धरून ठेवते, त्यामुळे शी मऊ राहते, आणि तशीच बाहेर पडते. आतड्याला तिची सवय लागत नाही. तुम्ही मध्येच सोडली म्हणून पुन्हा झालं. पंधरा दिवसांत खडा निघाला, पण ताणलेला गुदाशय पंधरा दिवसांत आवळत नाही. त्याला महिने लागतात.

या मुद्द्यावर मी वन्संच्या बाजूनं उभा आहे आणि तो जरा खोलात सांगतो, कारण सगळ्यात जास्त घरं इथंच घसरतात. उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिला साफ करण्याचा: वजनाच्या दर किलोला रोज 1 ते 1.5 ग्रॅम पावडर, तीन ते सहा दिवस. दुसरा टिकवण्याचा: किलोला साधारण 0.4 ग्रॅमपासून, शी मऊ राहील इतकी, निदान दोन महिने. आणि पूर्ण एक महिना काहीही त्रास नाही असं दिसल्यावरच हळूहळू कमी करायची. बऱ्याच मुलांना सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. नेमकं माप मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आकडे दिले ते एवढ्यासाठी, की मोठा डोस बघून कुणी घाबरून तो अर्धा करू नये. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी 2018 साली एकत्र येऊन जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली त्यांतही हीच पावडर पहिल्या पसंतीची आहे. आणि वाचकांपासून लपवू नये अशी गोष्ट: नीट उपचार घेऊनही सहा ते बारा महिन्यांत औषधाशिवाय बरी होणारी मुलं साधारण निम्मीच असतात. बाकीच्यांना आणखी वेळ लागतो, मध्ये पुन्हा उलटतं. हे आईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाही सांगितलं तर तिसऱ्या महिन्यात चड्डी पुन्हा खराब झाली की तिला वाटतं, आपलंच चुकलं.

वन्सं : साफ करायचे दिवस दसऱ्याच्या सुट्टीत धरा. त्या दिवसांत गळणं वाढेल, ते ठरवूनच चाला. शाळा नको, पाहुणे नकोत. नंतर रोज दोनदा, जेवण झाल्यावर, दहा मिनिटं बसवायचं. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. कमोडसमोर पाय टेकायला स्टूल ठेवा. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. याच बाजारात प्लॅस्टिकच्या स्टुलांच्या थप्प्या लागल्या आहेत, एक उचलून आणा. कमोडवर लहान मुलांची रिंगही बसवा, नाहीतर आत पडेन या भीतीनं तो अंग आवळूनच बसणार.

वहिनी : आणि बसून झाली नाही तर?

वन्सं : तरी शाबासकी. बसल्याबद्दल शाबासकी द्यायची, चड्डी कोरडी राहिल्याबद्दल नाही. बसणं त्याच्या हातात आहे, चड्डी नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तो बसला त्या दिवशी त्यालाच फूल काढू द्या. आणि झाली तर कशी झाली तेही लिहून ठेवायचं: खडे, मऊ, पातळ. डॉक्टरांना त्यावरून डोस कमी-जास्त करता येतो. ओरडायचं नाही. चड्डी खराब झाली तर आवाज न चढवता, बाळा, चल धुऊ, एवढंच.

वहिनी : वन्सं, आता मी बोलू?

वन्सं : बोला की.

वहिनी : ओरडायचं नाही, म्हणालात. दोनदा बसवा, पावडर द्या, लिहून ठेवा, शाबासकी द्या. तुम्ही दवाखान्यात तीस-चाळीस वर्षं हेच सांगितलं असेल, आणि खरंच असेल ते. पण ती चड्डी धुतं कोण, हे विचारलंत? सकाळच्या ती धुते, दुकानात उतरायच्या आधी. संध्याकाळच्या मी. वाळून चिकटलेली शी ब्रशनं खरवडावी लागते, मग डेटॉलच्या पाण्यात भिजत टाकायची, मग साबण. मोरीत वाकून माझी कंबर धरते. तो वास बोटांना राहतो, त्याच बोटांनी मला कणीक मळायची असते. मला ओरडायची हौस नाही. तिसरी चड्डी हातात आली की तोंडातून शब्द निघतो. तुम्ही म्हणता शांत राहा. शांत राहायला माणूस आधी बसलेलं असावं लागतं.

वन्सं : खरं आहे.

वहिनी : आणि तिचं सांगू? गेल्या महिन्यात तिनं त्याला मारलं. लाटण्यानं. मी मध्ये पडले. रात्री लेकरू झोपल्यावर ती जिन्यात बसून रडत होती. मी पाहिलं आणि परत आत आले. काय बोलणार? तिच्या भाचीच्या बारशाला ती गेली नाही, लेकरू सोबत असताना तिथं झालं तर, म्हणून. हळदीकुंकवाला जात नाही. मी तिला नावं ठेवते, पण डोळे काही मिटलेले नाहीत माझे.

वन्सं : हे तुम्ही तिला बोललात कधी?

वहिनी : आम्ही असं बोलत नाही एकमेकींशी.

या लेखाचा गाभा मला वहिनींच्या बोलण्यातच दिसतो, वन्संच्या नाही. वन्संचं वैद्यक बरोबर आहे. पण दवाखान्यात मिळणारी प्रत्येक सूचना ज्या क्रियापदानं संपते त्याचा कर्ता आई असते: द्या, बसवा, धुवा, लिहा, रागावू नका. मुलावरचा भार कमी करायला सांगितलेलं प्रत्येक काम तिच्यावरचा भार वाढवतं. मग तिनं लाटणं उचललं की आपण म्हणतो, बघा, सांगितलं होतं तरी. मार चूकच आहे; मारानं मूल आणखी आवरून धरतं आणि आजार लांबतो. पण ती मारते तेव्हा तिच्या जोडीला मोरीत कुणीही उभं नसतं, हेही त्याच वाक्यात यायला हवं.

ब्रिटनमध्ये 'एरिक' नावाची संस्था 1988 साली निघाली, आधी अंथरुणात शू करणाऱ्या मुलांसाठी, पुढे शी-शूच्या सगळ्या तक्रारींसाठी. तिथल्या पालकांना फोन करून विचारता येतं, मन मोकळं करता येतं. एवढ्या एका कामाला वाहिलेली संस्था उभी राहावी, यावरून अशी घरं किती असतील याची कल्पना यावी. बेगम बाजारातल्या या सुनेला सगळ्यात जवळचा आधार म्हणजे जिन्याच्या वरच्या पायरीवरची सासू, आणि ती आत निघून गेली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. काय बोलावं तेच तिला माहीत नव्हतं. "तुझ्यामुळं झालेलं नाही", एवढं वाक्य पुरलं असतं. आणि त्याच्यासोबत, "उद्या सकाळच्या चड्ड्या मी घेते, तू झोप."

वन्सं : तुमचा लेक काय करतो यात?

वहिनी : तो रात्री दहाला वर येतो. ठोकाचं गिऱ्हाईक, लॉऱ्या भरायच्या, त्याला कुठं वेळ?

वन्सं : रात्री दहाला चड्डी धुता येते.

वहिनी : माझा लेक चड्ड्या धुणार?

वन्सं : त्याच्याच मुलाच्या आहेत.

वहिनी : तुम्हाला सोपं आहे म्हणायला. उद्या हमालांना कळलं तर…

वन्सं : हमालही आपापल्या घरी धुतात, वहिनी. आणि धुणं नको वाटत असेल तर सकाळचं बसवणं त्यानं करावं. दुकान दहाला उघडतं. आठला नाश्ता झाला की तो मुलाजवळ दहा मिनिटं स्टुलावर बसू दे, गोष्ट सांगू दे. बाप शेजारी बसला तर पोराची भीती जाते. आणि आईला दिवसाची पहिली दहा मिनिटं तरी मोकळी मिळतात.

वहिनी : विचार करते.

पुढचा वाद शाळेचा. तो मिटला नाही, आणि मी तो मिटवून दाखवणार नाही.

वन्सं : वर्गाच्या बाईंना सांगायला हवं. एक जादा चड्डी-पँट दप्तरात, आणि त्याला न विचारता संडासला जायची मुभा. शाळेतले संडास घाण असतात म्हणून मुलं दिवसभर आवरतात. बाईंना आधीच सांगितलं तर त्या त्याला निदान धुतलेल्या संडासात पाठवतील.

वहिनी : सांगायचं नाही. बाई चांगल्या असतील, आयाबाई चांगली असेल, पण शाळेतली अर्धी मुलं याच गल्ल्यांतली आहेत. एकीला कळलं की छत्रीपासून फीलखान्यापर्यंत कळलं. त्याला नाव पडेल. पोराला पडलेलं नाव इथं म्हातारपणापर्यंत जात नाही, मी तुम्हाला चार माणसं दाखवते दुकानांत बसलेली.

वन्सं : आणि न सांगता वर्गात वास आला तर नाव पडणार नाही?

वहिनी : पडेल. म्हणून तर म्हणते, बरा होईपर्यंत शाळाच नको.

वन्सं : सहा महिने?

वहिनींची भीती खोटी नाही. ज्या बाजारात दुकानाची पत आणि घराचं नाव एकाच पाटीवर असतं, तिथं गुपित राखणं हेही लेकराचं रक्षणच असतं. तरीही मला वाटतं, सांगावं. सगळ्यांना नाही, वर्गाच्या बाई आणि कपडे बदलणारी आयाबाई, दोघींनाच, आणि आजी सोबत असताना. "याला आजार आहे, औषध चालू आहे" असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. चिठ्ठी असली की तो आळशी मुलगा राहत नाही, उपचार घेणारा मुलगा होतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. खराब चड्डीत वर्गाबाहेर उभं करणं हा छळच झाला. हे कलम भांडायला वापरायची वेळ येऊ नये, पण ते आहे हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावं.

वहिनी : दवाखान्यात कोणत्या न्यायचं? खाली अफजलगंजला उस्मानिया आहे, चालत जाता येतं.

वन्सं : मुलांसाठी नीलोफर. रेड हिल्सला, रिक्षानं थोड्या वेळात पोचाल. मुलांचाच दवाखाना आहे, असे कितीतरी मुलगे तिथं येतात. ओळीत उभं राहिल्यावर सूनबाईला तेवढं जरी दिसलं, की आपण एकट्या नाही, तरी खूप.

नीलोफर रुग्णालय 1953 पासून चालू आहे. राजकुमारी नीलोफर यांची एक दासी बाळंतपणात गेली, वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून; त्या दुःखातून बायका-मुलांसाठी हा दवाखाना उभा राहिला.

वहिनी : कोण नेणार? तिला एकटीला पाठवते आणि मागच्या वेळेसारखं ती पावडर घेऊन येते, मी पंधरा दिवसांनी बंद करते.

वन्सं : म्हणून तुम्ही जा. तुम्ही स्वतः ऐका डॉक्टर किती महिने म्हणतात ते. घरात औषध कोण बंद करतं, त्यानंच ते ऐकायला हवं.

वहिनी : मी जाते. पण पावडर मी देणार नाही, ती तिनं द्यावी, वेळच्या वेळी. माझा अजून विश्वास बसत नाही तिच्यावर. पावडरीवर म्हणते मी, सुनेवर नाही.

वन्सं : चालेल. तुम्ही बंद करायची नाही, एवढंच.

वहिनी : संध्याकाळचं बसवणं माझं. धुणं मी आणि ती, आहे तसं. सकाळचं बसवणं… ते तुम्ही तुमच्या भाच्याला सांगा. मी सांगितलं तर म्हणेल आई काहीतरीच. आत्याचं ऐकतो तो.

वन्सं : आत्ताच खाली जाते. आणि स्टूल?

वहिनी : ते आणते मी. आणि खाली जाताय तर तिला म्हणावं, बिलं तुम्ही बघा अर्धा तास, तू वर ये. शाळेचं काय करायचं ते तिलाच विचारते. दोन वर्षं झाली, तिला कुणी विचारलेलं नाही.